तुळसीच्या चपलेतला उंचवटा

"चर्र!"

"सुंदरेश, पुरे आता!"

"चर्र! चर्र!"

सुंदरेश तुळसीच्या ओट्यावर बसून तिच्या नव्या सँडलचा पट्टा उघडत होता आणि पुन्हा चिकटवत होता. बक्कल नाही, बंद नाही! दाबला की चिकटतो आणि ओढला की चर्र करून सुटतो! १९९४ सालच्या सप्टेंबरात कुंभकोणममधल्या त्यांच्या गल्लीत असला पट्टा कुणी पाहिलाच नव्हता.

"ते माझे आहेत!" तुळसीनं सँडल हिसकावून घेतले. "गुरुवारी कोल्लीच्या डोंगरात पोचेपर्यंत तू त्यांचं चिकटणं संपवशील!"

तिमाही परीक्षा संपली होती. सुंदरेश आणि त्याची धाकटी बहीण भुवनेश्वरी यांचे राजगोपालमामा शाळेच्या बालवीर पथकाचे शिक्षक होते. ते वीस मुलांना कोल्ली डोंगराच्या पायथ्याशी पुळियंचोलैला तीन दिवस नेणार होते. तिथे डोंगरातून येणारा ओढा आहे. मोठमोठ्या दगडांवरून, कधी कोरड्यातून, कधी गुडघाभर पाण्यातून वर चढत जायचं. मामांनी आधीच बजावलं होतं, "रबरी स्लिपर घालून कुणी आलं तर परत पाठवीन! पायात धड काहीतरी हवं."

म्हणून तुळसीच्या अप्पांनी हे सँडल आणले होते. पद्मनाभराव शाळेत गणित शिकवत. आठ महिन्यांपूर्वी तुळसीची आई गेली. तेव्हापासून घरातल्या सगळ्या गोष्टी ते एकटेच करत आणि कुणाला काही न विचारता करत.

"अप्पा, मला न नेताच कसे आणलेत?" तुळसीनं विचारलं.

"तुझ्या आईच्या शिवणाच्या डब्यात तुझ्या पायाच्या मापाचा दोरा होता. तिनं गाठ मारून ठेवलेला. त्याहून दोन बोटं मोठे घेतले. वाढता पाय आहे."

"गणिताचे मास्तर ते!" सुंदरेश म्हणाला. "हिशेब चुकायचा नाही!"

पण हिशेब चुकला होता, आणि तो सोमवारीच कळला.

सोमवारी सकाळी मामांनी रंगीत तालीम ठेवली. कावेरीच्या काठाकाठानं इन्नंबूरपर्यंत चालत जायचं आणि बसनं परत यायचं. मामा सर्वांत पुढे होते. पायात पोटरीपर्यंतचे काळे बूट, गळ्यात शिट्टी. वाटेत भात लावणाऱ्या बायका त्यांचे बूट बघून हसत होत्या.

पहिला मैल मजेत गेला. दुसऱ्या मैलाला तुळसी मागे पडली. तिचे पाय आतल्या बाजूनं ठणकू लागले. मागचा पट्टा टाचेवरून खाली घसरत होता आणि पाय पुढे पुढे सरकत होता.

"काय गे, गोगलगाय झालीस की काय?" सुंदरेश ओरडला.

"येत्ये रे!"

पुढे पाटाचं पाणी आडवं आलं. फार तर घोटाभर असेल. सगळी मुलं छपछप करत गेली. तुळसी मध्यावर गेली, सँडल एकीकडे वळला, पाय दुसरीकडे गेला आणि ती धपकन पाण्यात बसली!

आधी सगळे हसले. पण ती उठून लंगडू लागली तेव्हा कुणी हसलं नाही.

मामांनी तिचा पाय दाबून पाहिला. मोडलं नव्हतं, मुरगळलंही नव्हतं. तरी ते गंभीर झाले. "तुळसी, तू गुरुवारी यायचं नाहीस."

"मामा!"

"दोन मैलांत तुझी ही दशा. तिथे दगड शेवाळलेले असतात. तू तिथे पडलीस तर तुझ्या अप्पांना मी काय सांगू? त्यांच्या घरात तू एकटीच आहेस ना आता?"

तुळसीनं ओला पट्टा चर्रकन ओढून सँडल काढले.

दुपारी तिघं कावेरीच्या घाटाच्या पायऱ्यांवर पाय पाण्यात सोडून बसली होती.

"मला कळतच नाही," तुळसी म्हणाली. "गेल्या वर्षी आईबरोबर मी गोविंदपुरमपर्यंत चालत गेले होते. भजन ऐकलं आणि चालतच परत आले. काही दुखलं नव्हतं! मग यंदाच काय झालं?"

"तू म्हातारी झालीस," सुंदरेश म्हणाला.

"गप रे!" भुवना एकदम उभी राहिली. ती अकरा वर्षांची होती, बोलायची कमी आणि बघायची जास्त. "दोघंही उठा. पायऱ्यांवर चालून दाखवा. ओल्या पायांनीच!"

दगडावर तीन माणसांची ओली पावलं उमटली. सुंदरेशच्या आणि भुवनाच्या पावलांना मध्ये कंबर होती. पुढे बोटं, मागे टाच, आणि मधल्या भागात बाहेरून नुसती एक पट्टी. तुळसीचं पाऊल मात्र टाचेपासून बोटांपर्यंत भरलेलं होतं.

"अय्यय्यो! हा पाय आहे का दोसा?" सुंदरेश हसला.

तुळसीचा चेहरा पडला. पण भुवना हसत नव्हती. "हे पाऊल मी पाहिलंय," ती म्हणाली. "तुमच्याच घरात. गोकुळाष्टमीला!"

गोकुळाष्टमीला त्यांच्या गल्लीत दारापासून देवघरापर्यंत पिठाची इवली पावलं काढतात. मूठ पिठात बुडवून टेकवायची, वर बोटांचे पाच ठिपके द्यायचे, की बाळकृष्णाचं पाऊल झालं! मुठीच्या पावलाला मध्ये कंबर येतेच. पण तुळसीची आई बोटानं पीठ घेऊन प्रत्येक पावलाची कंबर भरून काढायची.

"आमची आई एकदा म्हणाली होती, सीतालक्ष्मी, तुझा कृष्ण बदकासारखा चालतो!" भुवना सांगू लागली. "तर काकू म्हणाल्या, असू दे. माझा कृष्ण असाच चालतो."

तुळसी आपल्या ओल्या पावलांकडे बघत राहिली. ती उन्हानं वाळत होती. "म्हणजे आईला माहीत होतं?"

"माहीत होतं आणि तरी तुझे पाय दुखत नव्हते. म्हणजे काकूंनी काहीतरी केलं होतं! तुझ्या जुन्या चपला कुठे आहेत?"

त्यांनी घरी जाऊन अप्पांना विचारलं. पद्मनाभराव वर्तमानपत्र वाचत होते.

"दिल्या. पोतंभर सामान होतं, ते दूधवाल्या अलमेलूला देऊन टाकलं."

"न बघताच?"

"बघत बसलो असतो तर काहीच देता आलं नसतं," ते म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

अलमेलू साक्कोट्टैला राहायची. मंगळवारी सकाळी सुंदरेशनं तुळसीला सायकलवर पुढे घेतलं, भुवनाला मागे. चढ आला की दोघींनी उतरून ढकलायचं, असं ठरलं.

"तपकिरी चपला?" अलमेलू गाईला पेंड घालत तमिळमध्ये म्हणाली. "माझ्या नातीला दिल्या होत्या. ती एक दिवस घालून रडली! म्हणे आत काहीतरी टोचतंय. मग मी त्यांचा उपयोग केला."

"कसला उपयोग?"

तिनं गोठ्याच्या दाराकडे बोट दाखवलं. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून त्याच्याखाली पाचरीसारखी एक चप्पल खुपसली होती. दुसरी पाण्याच्या डोणीखाली होती!

सुंदरेशनं ती ओढून काढली आणि आत हात घालून चाचपली. त्याचे डोळे मोठे झाले. "आत खरंच काहीतरी आहे! तुळसी, हे सोनं असणार! काकूंनी लपवलेलं सोनं!"

"मी इतके दिवस सोन्यावर पाय देऊन चालले होते?"

"म्हणून तर दुखत नव्हते!"

भुवनानं त्याच्या हातून चप्पल घेतली. आतल्या बाजूला, जिथे पायाला खळगा असायला हवा तिथे, वरच्या कातड्याखाली उंचवटा होता. एका टोकाची शिवण उसवली होती. तिनं बोटानं ती फाकवली. आत सोनं नव्हतं. कातड्याचे तीन चंद्रकोरीसारखे तुकडे एकावर एक नीट शिवलेले होते. तळाला टाचेपाशी तीन पितळी चुका होत्या, बारीक खिळे त्रिकोणात ठोकलेले.

"ही कारागिराची खूण आहे," भुवना म्हणाली. "तो शोधायचा!"

बसस्टँडजवळच्या चांभारानं चप्पल बघून मान हलवली. बाजारातल्या दुसऱ्यानंही हलवली, पण तो म्हणाला, "पितळी चुका? तो अय्याकण्णू. सारंगपाणीच्या देवळाबाहेर, काळी छत्री."

काळ्या छत्रीखाली एक म्हातारा चामडं भिजवत बसला होता. समोर भक्तांनी काढून ठेवलेल्या चपलांची रांग होती. त्यानं आधी सुंदरेशच्या पायांकडे पाहिलं. "तू पाय ओढत चालतोस, तंबी," तो धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हणाला. " डावा जास्त."

"तुम्हाला कसं कळलं?"

"आत गेलेला माणूस देवाला काय सांगतो ते मला ऐकू येत नाही. पण बाहेर काढून ठेवलेली चप्पल मला सगळं सांगते."

तुळसीनं जुनी चप्पल पुढे केली. म्हाताऱ्याचे हात थांबले.

"सीतम्माची मुलगी तू? यंदा आई आलीच नाही. गोकुळाष्टमीचा आवणी महिना गेला, मी वाट बघत होतो. गावाला गेली आहे का?"

 तुळसीनं सांगितलं, "आई गेली. पोंगलच्या दिवसांत."

अय्याकण्णूनं हातातलं चामडं खाली ठेवलं. मग त्यानं मागचा पत्र्याचा डबा उघडला आणि आतून गुंडाळी काढली. जुन्या कॅलेंडरांची पानं होती. प्रत्येकाच्या कोऱ्या बाजूवर गेरूत उमटवलेली दोन पावलं, आणि खाली तुळसीनं लगेच ओळखलेलं अक्षर. तुळसी, वय सात. तुळसी, वय आठ. असं अकरापर्यंत.

"दर वर्षी गोकुळाष्टमीला नवं पान आणायची. पाय कितपत सपाट आहे ते बघून मी आतला चंद्र कापायचो."

"पण मला कधीच का नाही सांगितलं?" तुळसीचा आवाज बारीक झाला होता. तिला आठवलं, गेरूची पावलं हा अष्टमीचाच एक खेळ आहे असं तिला वाटायचं!

"मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, पोरीला कळलं तर ती पायांकडे बघत चालेल. तिला समोर बघून चालू दे."

भुवनानं नाक पुसलं. सुंदरेश उगाच छत्रीकडे बघत होता.

"आता ते पायातले नवे दाखव," अय्याकण्णू म्हणाला. त्यानं नवा सँडल दोन्ही हातांत धरून पिळला. तो ओल्या पंच्यासारखा पिळला गेला! मग पुढून दुमडला, तर तो मधोमध मोडल्यासारखा वाकला.

"पाय कुठे वाकतो? बोटांच्या मुळाशी. मग सँडलनंही तिथेच वाकावं. मध्ये वाकला तर तो पायाला धरणार कसा? आणि हे माप कुणी घेतलं?"

"अप्पांनी. दोऱ्यानं."

"दोरा लांबी सांगतो. रुंदी सांगत नाही, खळगा सांगत नाही. आणि हे दोन बोटं मोठे कशाला? पाण्यात गेलं की ढिला सँडल होडीसारखा तरंगायला बघतो!"

"तुम्ही यात चंद्र शिवून द्याल?" तुळसीनं विचारलं.

"यात नाही. आधी दुकानातून धड जोड आणा. टाच मागून घट्ट धरणारा, बोटांपुढे हाताच्या एका बोटाएवढी जागा सोडणारा. आणि संध्याकाळी जा, चालून आल्यावर. सकाळचा पाय लहान असतो. मग चंद्र मी देईन. पण कातड्याचा नाही, कातडं पाण्यात फुगतं. टायरच्या रबराचा." तो थांबला. "आणि मला नवं पान लागेल. वय बारा."

त्या संध्याकाळी पद्मनाभरावांनी मुलांनी घरी आणलेली ती पाचही पानं जमिनीवर ओळीनं मांडली आणि बराच वेळ तशीच उकिडवं बसून पाहिली.

"मला कधी बोलली नाही," ते म्हणाले. मग शेवटचं पान सरळ करत म्हणाले, "मीही कधी विचारलं नाही."

ते उठून स्वयंपाकघरात गेले. वरच्या फळीवर गेरूची पुडी होती. पहिल्यांदा त्यांनी गेरू इतका पातळ कालवला की कागदावर नुसता ओघळ झाला. दुसऱ्यांदा तुळसीला गुदगुल्या झाल्या आणि पाऊल फिसकटलं. तिसरं बरं उमटलं. त्यांनी खाली लिहिलं, तुळसी, वय बारा. मग टोपण लावून पेन खिशात ठेवलं आणि म्हणाले, "चला त्याच दुकानात. सगळे चला."

दुकानदार खूश झाला. "सार, मुलीला हा लाल बघा! हा चकाकता बघा! मद्रासमध्ये सगळे हाच घेतात!"

भुवनानं लाल सँडल उचलला आणि पिळला. पिळला गेला. खाली ठेवला. सुंदरेशनं चकाकता मध्ये वाकवला. वाकला. खाली ठेवला.

"अरे, अरे! हे काय धुणं आहे?" दुकानदार ओरडला.

"धुणंच आहे! पाण्यात जायचंय ना!" सुंदरेश म्हणाला.

सात जोड झाले. दुकानदार घामाघूम झाला. आठवा जोड काळा होता, ओबडधोबड, तळाला खोल खाचा, मागे रुंद पट्टा. पिळला, हलला नाही. वाकवला, फक्त बोटांपाशी वाकला. तुळसीनं तो घातला आणि दुकानात चार वेळा इकडून तिकडे चालली. टाच निसटली नाही.

"पण हा दिसायला..." दुकानदार कुरकुरला. "कुणी घेत नाही हो हा."

"आम्ही घेतो," पद्मनाभराव म्हणाले. "हा द्या आणि तो आधीचा परत घ्या. माझी चूक होती. पण तुम्हीही मुलगी कुठे आहे असं विचारलं नाहीत."

दुकानदारानं मुकाट्यानं जोड बदलून दिला.

बुधवारी दुपारपर्यंत अय्याकण्णूनं रबराचे चंद्र नायलॉनच्या दोऱ्यानं शिवून दिले. टाचेला तीन पितळी चुका ठोकल्या. तुळसी उभी राहिली आणि तिनं डोळे मिटले. पायाखाली तोच उंचवटा होता.

आता राहिले मामा!

"यादी झाली आहे," राजगोपालमामा म्हणाले. "बसवाल्याला नावं दिली. तुळसीचं नाव नाही."

"बरोबर आहे मामा," भुवना अगदी साळसूदपणे म्हणाली. "पण उद्या निघण्याआधी सगळ्यांनी आज नदीच्या घाटावर एकदा चालून बघायला नको का? तुम्ही पुढे चाला, आम्ही मागे. वाळू, पायऱ्या आणि पाण्यातले दगड. तुळसी नुसती बघायला येईल."

"पुढारी पुढे हवाच ना!" सुंदरेशनं जोड दिली.

मामांना पुढारी म्हटलेलं आवडायचं. त्यांनी बूट चढवले, शिट्टी वाजवली आणि निघाले. वाळूतून छान गेले. पायऱ्यांवरूनही गेले. मग कडेच्या गुडघाभर पाण्यात उतरले. बुटांत वरून पाणी शिरलं, आणि एकदा शिरलेलं पाणी बाहेर कसं येणार? दहा पावलांत मामांचे पाय घड्यासारखे जड झाले.

पच्! पच्! पच्!

"मामा, काही त्रास?"

"काही नाही! हे असंच..." एवढं म्हणेपर्यंत शेवाळ्यावरून पाय सरकला आणि मामा पाण्यात बसले. शिट्टी तोंडातच होती. तिच्यातून बुडबुडे आले.

सगळ्यांआधी तुळसी पाण्यात उतरली होती. शेवाळल्या दगडांवरून ती सरळ चालत गेली, समोर बघत, आणि तिनं मामांना हात दिला.

"उठा मामा. टाच आधी टेकवा."

मामा तिच्या हाताला धरून काठावर आले. बसून त्यांनी एक बूट उलटा केला. त्यातून अर्धी बादली पाणी आणि एक छोटा मासा पडला! मासा सुंदरेशनं ओंजळीत घेऊन परत सोडला.

मामा स्वतःच मोठ्यानं हसू लागले. "वीस पोरांच्या पायांत काय आहे ते मी तपासलं. माझ्या पायांत काय आहे ते कुणी तपासायचं?" त्यांनी तुळसीला दोनदा पाण्यातून जायला लावलं, वाकून तिच्या सँडलचा तळ पाहिला, तीन चुका पाहिल्या. "हा माणूस कुठे बसतो? मला आजच जायला हवं. आणि तुझं नाव यादीत पहिलं!"

"खरंच?"

"खरंच. तिघांनी मिळून जे शोधलंत ते मी शिक्षक असून मला सुचलं नाही. मी तुला घरी बसवून मोकळा झालो होतो. शाबास!"

तुळसीच्या छातीवरचं तीन दिवसांचं ओझं उतरलं. तिनं सुंदरेशला पाण्यात ढकललं आणि मग स्वतःही पडली, या वेळी मुद्दाम.

शनिवारी संध्याकाळी बस परत आली. पद्मनाभराव चार वाजल्यापासून ओट्यावर बसून होते. वर्तमानपत्राचं पहिलंच पान अजून वर होतं.

तुळसी गल्लीच्या तोंडापासून पळत आली.

"पाय?" त्यांनी विचारलं.

"नाही दुखले अप्पा! ओढ्यातून वर, सगळ्यात वर गेलो! एक मुलगा घसरला, मामांनी धरला. मामांच्या पायांतही आता तीन चुका आहेत!"

मागून मामा आले. नवे सँडल घातलेले, शिट्टी खिशात. "मास्तर, तुमची मुलगी सर्वांत पुढे होती. मला तिच्या मागे चालायला लागलं."

पद्मनाभरावांनी एक मोठा श्वास सोडला. मग त्यांनी सुंदरेश आणि भुवनाच्या डोक्यावर हात ठेवला. "तुम्ही दोघांनी ती चप्पल गोठ्यातून शोधून काढली नसती, तर माझ्या घरातली ही गोष्ट मला कधीच कळली नसती."

तुळसीनं ओट्याखालच्या घंगाळात पाय धुतले आणि ओल्या पायांनीच आत धावली. दारापासून देवघरापर्यंत तिची पावलं उमटली. टाचेपासून बोटांपर्यंत भरलेली, मध्ये कंबर नसलेली.

ओल्या पायांनी घरात आलेलं अप्पांना मुळीच चालत नसे. भुवना हे जाणून होती. तिनं लगबगीनं कोपऱ्यातलं फडकं उचललं.

"पुसू नकोस गे," पद्मनाभराव म्हणाले. "राहू दे ती."